पनवेलची भूमि, आकाशांतील डोळा आणि विद्यार्थ्यांची पायपीट

मुंबईहून पुण्याकडे जाणारा प्रवासी एके काळीं पनवेलास पाण्याच्या वाटेनें येत असे. भरती आली म्हणजे मचवे खाडींतून थेट गांवाजवळ लागत, आणि ओहोटी लागली म्हणजे तेच मचवे चिखलांत कलते होऊन पडत. १८३० सालीं बोरघाटाचा रस्ता खुला झाला, तेव्हांपासून घाटावरील मालाची मोठी ये-जा या बंदरावरून होऊं लागली. १८५२ मध्यें येथें नगरपालिका स्थापन झाली. पुढें १८६३ मध्यें लोहमार्ग बोरघाट चढून गेला. परंतु तो कल्याण-कर्जतच्या बाजूनें गेला, आणि पनवेलचें बंदर हळूहळू मागें पडलें. त्यानंतर शंभर वर्षें हें गांव आपलीं तळीं, भातखाचरें आणि मिठागरें सांभाळीत बहुतेक होतें तसेंच राहिलें. गेल्या पन्नास वर्षांत मात्र या भूमीचें रूप इतकें पालटलें आहे कीं, आजोबांचें शेत कोठें होतें हें नातवाला दाखवावयाचें झाल्यास बोट कोणत्या दिशेला करावें, असा प्रश्न पडावा.

अशा ठिकाणीं शाळेंतील मुलांनीं आपल्या परिसराचा अभ्यास करावा, उपग्रहांनीं टिपलेलीं चित्रें आणि स्वतः फिरून केलेला नकाशा यांची सांगड घालावी, आणि तो अभ्यास स्पर्धेंत परीक्षकांपुढें मांडावा, ही कल्पना आतां नवी राहिलेली नाहीं. परंतु ती येथवर कशी आली, आणि पनवेलसारख्या गांवीं तिला एवढें मोल कां, हें समजण्यास नकाशाचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहावा लागतो.

खाडीकाठच्या आगरी-कोळी लोकांना आपल्या भूमीचा नकाशा कागदावर कधीं लागला नाहीं. तो त्यांच्या पायांत होता. खाऱ्या पाण्याला बांध घालून भाताखालीं आणलेली जमीन ती खारजमीन. भरतीचें पाणी आंत शिरूं नये आणि पावसाचें पाणी बाहेर निघून जावें, म्हणून बांधांत लांकडी झडप बसविलेली असे. तिला उघाडी म्हणत. कोणती उघाडी केव्हां उघडावी, कोणत्या बांधाला खेंकड्यांनीं बिळें पाडलीं आहेत, खारें पाणी शिरलें तरी तग धरणारा तांबडा राता कोणत्या खाचरांत पेरावा, हें सारें ज्ञान तोंडोतोंडीं चालत आलेलें होतें. तें अचूक होतें. परंतु त्यांत एक उणीव होती. कचेरींत तें चालत नसे.

कचेरींत चालणारा नकाशा निराळा. १८०२ सालीं कर्नल लॅम्बटन यानें मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या आधारें हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्यांत १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी महसुली पाहणी सुरू झाली आणि गांवोगांव शेतांना सर्व्हे नंबर पडले. या कामांत जें कौशल्य आणि जी चिकाटी खर्ची पडली, तिची थोरवी कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु त्यांतील महसुली नकाशाचा हेतु उघड होता. जमीन किती, ती कोणाच्या नांवावर, आणि तिच्यावर आकार किती बसवावा, हें राज्यकर्त्यांना हवें होतें. म्हणून नकाशांत शेताची हद्द आली. बांध तेथेंच कां घातला, याचें कारण आलें नाहीं. १८८३ मध्यें पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांतून कुलाबा जिल्ह्यांत गेला आणि १९८१ मध्यें कुलाब्याचें नांव रायगड झालें. कागदावरील रेषा सरकल्या आणि नांवें बदललीं. भरती-ओहोटी मात्र आपल्या वेळेनें येत-जात राहिली.

शाळेंत तर नकाशा हा भिंतीवर टांगण्याचा पदार्थ होता. मुलांना गंगेच्या उपनद्या मुखोद्गत असत. पण माथेरानच्या डोंगरांतून येऊन आपल्या गांवाला वळसा घालणारी गाढी नदी कोणत्या पावसांत कोठपर्यंत चढते, हें परीक्षेंत कोणी विचारीत नसे. नकाशा वाचावयाचा असतो हें मुलांना ठाऊक होतें. तो आपणांसहि करतां येतो, ही गोष्ट त्यांच्या कानावर कधीं आलीच नाहीं.

ती गोष्ट प्रथम मोठ्या प्रमाणावर इंग्लंडांत घडली. डडले स्टॅम्प हे भूगोलाचे प्राध्यापक कांहीं वर्षें रंगून येथील विद्यापीठांत होते. तेथून परत लंडनला गेल्यावर १९३० सालीं त्यांनीं सबंध ब्रिटनच्या भूमीचा उपयोग कसा होतो, याची पाहणी आरंभिली. सरकारी मोजणीदार नेमण्याइतका पैसा जवळ नव्हता. तेव्हां त्यांनीं शाळांना हांक घातली. मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे मुलांच्या हातीं दिले आणि शेतन् शेत पाहून त्यावर खूण करावयास सांगितलें. पुढें या खुणांवरून रंगीत नकाशे छापले गेले: रानाला गडद हिरवा, कुरणाला फिका हिरवा, नांगरटीच्या जमिनीला तपकिरी, माळाला पिवळा, बागांना जांभळा आणि शेतीच्या निरुपयोगी जागेला तांबडा. सुमारें अडीच लक्ष विद्यार्थी या कामीं लागले होते, असें सांगतात. पुढें महायुद्धांत बाहेरून धान्य येणें अवघड झालें, आणि कोणतें कुरण मोडून तेथें पेरा करावा हा प्रश्न उभा राहिला. त्या वेळीं शाळकरी मुलांच्या पायपिटींतून उभे राहिलेले हे नकाशे राष्ट्राच्या कामीं आले. मुलांचें काम म्हणून ज्याकडे कौतुकानें पाहावयाचें, तें राज्यकारभाराचें साधन ठरलें.

भारतांत असा प्रयोग त्या काळीं होणें कठीण होतें. स्वातंत्र्यानंतरहि किनाऱ्यालगतच्या प्रदेशाचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंधांखालीं होते, आणि पनवेल तर किनाऱ्याचेंच गांव. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें हीं दारें किलकिलीं झालीं आणि फेब्रुवारी २०२१ मधील नियमांनीं तीं बरींच उघडलीं. परंतु त्याच्या पुष्कळ आधीं नकाशाला आकाशांतून एक दुसरी वाट फुटली होती.

१९७० सालीं प्रा. पिशारटी या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें केरळांतील नारळीच्या बागांची आकाशांतून पाहणी करण्यांत आली. तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारी फिल्म त्यांत होती. रोगट झाडें वरून वेगळीं ओळखतां आलीं, आणि भारतांतील सुदूर संवेदनाचा आरंभ याच प्रयोगापासून मानतात. यांतील तत्त्व साधें आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, परंतु अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पाणी मात्र तो अवरक्त प्रकाश बहुतेक गिळून टाकतें. म्हणून अशा चित्रांत अवरक्त प्रकाशाला तांबडा रंग दिला, तर रान तांबडें भडक दिसतें आणि खाडी काळी दिसते. २३ जुलै १९७२ रोजीं अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह हीं चित्रें टिपावयास निघाला. त्याचा एक ठिपका भूमीवर सुमारें ८० मीटर लांबरुंद असे. पनवेलचें वडाळे तळें त्यांत मोजक्या ठिपक्यांत मावून जाई. १७ मार्च १९८८ रोजीं भारताचा स्वतःचा आय.आर.एस.-१ए हा उपग्रह बैकानूर येथून आकाशांत गेला, आणि त्याच्या एका कॅमेऱ्यानें हा ठिपका सुमारें ३६ मीटरांवर आणला. २००८ पासून लँडसॅटचा सारा संग्रह विनामूल्य झाला. २००९ मध्यें भारताचें ‘भुवन’ हें दालन उघडलें. आणि २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचीं १० मीटर ठिपक्याचीं चित्रें कोणत्याहि शाळेला फुकट मिळूं लागलीं.

त्याच १७ मार्च या तारखेची पनवेलच्या इतिहासांत आणखी एक नोंद आहे. १९७० सालीं त्या दिवशीं सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणें, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या भूमीवर, ३४४ चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रांत, नवें शहर उभारण्याचा बेत होता. मुंबईचा भार हलका व्हावा हा हेतु मोठा होता. परंतु खाचरें आणि मिठागरें ज्यांचीं, त्यांच्या हातून तीं जात होतीं. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या आंदोलनांत झालेल्या गोळीबारांत पांच जणांनीं प्राण गमावले. त्या लढ्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण आलें. त्यानंतर वसाहती, रेल्वे आणि रस्ते वाढत गेले. २०१६ मध्यें पनवेलची महानगरपालिका झाली. विमानतळासाठीं उलव्याची टेंकडी फोडण्यांत आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, दलदलीवर भराव पडला, दहा गांवांचीं घरें हललीं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. हा सारा पालट उपग्रहांनीं वरून टिपला आहे. १९७२ पासूनचीं चित्रें ओळीनें मांडलीं, तर काळ्या खाडीचा काठ आणि तांबड्या रानाची किनार वर्षावर्षाला कशी मागें सरली, हें लहान मुलालाहि दिसेल.

हें नुसतें पाहण्याचें कौतुक नव्हे. ६ ऑक्टोबर २००५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें खारफुटीची तोड थांबविली, तिच्या भोंवतालच्या ५० मीटरांत बांधकामास मनाई केली, आणि खारफुटी कोठें आहे हें उपग्रहाच्या साह्यानें नकाशावर आणावयास सांगितलें. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे हें काम आलें. चिखलांतलें एक झुडूप कायद्यानें राखलें जाईल कीं नाहीं, हें आतां तें नकाशांत आलें आहे कीं नाहीं यावर बरेंचसें अवलंबून राहूं लागलें. एके काळीं शेताची हद्द ज्या कागदावर ठरे तो कचेरींत होता. आज खाडीची हद्द ज्या चित्रावरून ठरते तें सर्वांपुढें उघडें आहे. मात्र उघडें असलेलें चित्र ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला तें बंदच असतें.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांचें महत्त्व येथें आहे. १९९३ पासून केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाच्या आश्रयाखालीं राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरूं लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं लहान गट करावा, आपल्याच परिसरांतील एखादा प्रश्न घ्यावा, त्याचें स्वतः निरीक्षण करून रोजच्या नोंदी ठेवाव्या आणि निष्कर्ष मांडावा, अशी तिची रीत आहे. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनीं हे प्रकल्प पुढें जातात. २०१० आणि २०११ या दोन वर्षांचा तिचा मुख्य विषय भूसंपदा हा होता. अमेरिकेंत १९९५ सालीं सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या शालेय उपक्रमांत भारत २००० सालीं सामील झाला. त्यांत मुलें ढग, तापमान, माती आणि पाणी यांचीं मोजमापें घेतात, आणि आकाशांतून घेतलेल्या मापांशीं तीं ताडून पाहिलीं जातात. या साऱ्यांमागील विचार स्टॅम्प यांचाच आहे: भूमीवर चाललेल्या पावलांवांचून नकाशा पुरा होत नाहीं.

हा विचार पनवेलच्या खाडीवर कसा कसोटीला लागतो, तें पाहण्याजोगें आहे. एखाद्या गटानें वीस वर्षांच्या अंतरानें घेतलेलीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं, आणि दुसऱ्यांत पाणी कमी दिसलें, तर खाडी बुजली असा निकाल देण्याचा मोह होतो. परंतु हे उपग्रह या प्रदेशावरून सकाळीं साडेदहाच्या सुमारास जातात, आणि भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. एक चित्र भरतीचें आणि दुसरें ओहोटीचें असेल, तर फरक खाडींत पडलेला नसून घटकेंत पडलेला असतो. हें ओळखावें कसें? कोंकणच्या किनाऱ्यावरील खलाशांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. म्हणजे साडेदहाला पाणी ओसरून चिखल उघडा पडत आलेला असणार. पौर्णिमेला ती दुपारीं अकरा-बाराच्या सुमारास. म्हणजे साडेदहाला खाडी भरत आलेली असणार. चित्राची तारीख पंचांगांत पाहून तिथी काढली, कीं तें कोणत्या पाण्यावर घेतलें हें कळतें. ज्या आजोबांना उपग्रह ठाऊक नाहीं, त्यांच्या तोंडच्या हिशेबावांचून नातवाला उपग्रहाचें चित्र लावतां येत नाहीं. खाडीकाठचें जें ज्ञान कचेरींत चाललें नाहीं, तें येथें शास्त्राच्या कामीं येतें.

तळ्यांचीहि तीच कथा. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे हीं पनवेलचीं तळीं. एखाद्या तळ्यावर जलपर्णी पसरली, तर उपग्रहाला तेथें पाणी न दिसतां हिरवळ दिसेल, आणि चित्रावरून तळें नाहींसें झालें असें वाटेल. काठावर उभें राहून पाहणाऱ्या मुलाला मात्र तळें जागेवर आहे, पण त्यांत सांडपाणी येतें, हें नाकानेंच समजतें. भाद्रपदांत खाचरांतला भात आणि माळावरचें गवत आकाशांतून जवळजवळ सारखेंच तांबडें दिसतें. भेद सांगावयास बांधावर जावें लागतें. ऑगस्ट २०१७ मध्यें तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींत रस्त्यावरचीं कुत्रीं निळीं झालेलीं लोकांना दिसलीं, आणि कासाडी नदींत काय सोडलें जातें याची चर्चा देशभर झाली. तें निळेपण कोणत्याहि उपग्रहाच्या दृष्टीस पडलेलें नव्हतें. तें रस्त्यानें जाणाऱ्या माणसांनीं पाहिलें.

अशा अभ्यासाला मर्यादा आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे. पावसाळ्यांत, म्हणजे नेमकें जेव्हां पाणी पाहावयाचें तेव्हां, ढग आड येतात. स्पर्धेच्या घाईंत कित्येकदां सुंदर रंगीत चित्र पुढें येतें आणि चिखल तुडविण्याचें काम मागें राहतें. पारितोषिक मिळालें कीं वही कपाटांत जाते आणि पुढच्या वर्षींचा गट पुन्हां पहिल्यापासून आरंभ करतो. हा दोष मुलांचा नाहीं. वर्षाचें काम वर्षांतच संपवावें, अशी शाळेचीच रीत पडून गेली आहे.

आणि पनवेलचा प्रश्न एका वर्षाचा नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्याच पावसानें गाढीचें पाणी पनवेलच्या वस्तींत शिरलें. वरून येणारें पुराचें पाणी आणि खालून चढणारी भरती यांची जेथें गांठ पडते, तेथें पाण्याला पसरावयास जागा लागते. ती जागा म्हणजेच जुनीं खाचरें, मिठागरें आणि खारफुटी. यांपैकीं काय उरलें, काय भरावाखालीं गेलें, कोणता नाला वळला आणि कोणती उघाडी बुजली, याची नोंद ज्या गांवाजवळ नाहीं, त्या गांवाला पुढचा पूर कोणत्या दारानें येईल हें आधीं सांगतां येणार नाहीं.

रंगांची नोंद आकाशांत आपोआप होत आहे. ती पन्नास वर्षांनींहि मिळेल. नांवांची आणि कारणांची नोंद मात्र कोठेंच होत नाहीं. जुन्या बांधाचें नांव, उघाडीची जागा, २००५ चें पाणी कोणाच्या ओटीला कितव्या पायरीपर्यंत लागलें, हें सांगणारीं माणसें आज हयात आहेत. तीं कायमचीं राहणार नाहींत. प्रत्येक शाळेनें दरवर्षीं एका गटाकडून आपल्या शिवाराचा एक नकाशा करवून घ्यावा, त्यावर उपग्रहाच्या चित्राची तारीख आणि तिथी लिहावी, सांगणाऱ्याचा शब्द लिहून ठेवावा, आणि तो नकाशा पुढच्या गटाच्या हातीं द्यावा. स्पर्धेंत कोणाचा क्रमांक येवो अथवा न येवो, वीस वर्षांनीं गाढीच्या कांठीं एखादा वाद उभा राहिला, तर त्या शाळेच्या कपाटांत वीस नकाशे असतील. आणि त्यांवर गांवाची भूमि गांवाच्याच मुलांच्या हातानें लिहिलेली असेल.